न भरणारी टाकी

मे महिन्यात गावच्या घरामागे संडासाच्या टाकीसाठी खड्डा काढला. वरची हातभर तांबडी माती निघाली की खाली कातळ, हे आमच्या देवगड तालुक्यात लहान पोरही सांगेल. ब्रेकर लावून कातळ फोडला, आणि पुरुषभर खोलीवर एका अंगाला मनगट आत जाईल एवढं भोक लागलं. जांभा आतून पोकळ-पोकळ असतोच, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. गवंड्याने खालूनच ओरडून पाइप मागितला, चुलतभावाने पंप सुरू केला आणि आम्ही सगळे काठावर उभे राहून बघत राहिलो. बराच वेळ पाणी पडत होतं. भोकाशी आलं की किंचित घुटमळायचं, गोल फिरायचं आणि आत शिरायचं. तळाला घोटा बुडेल एवढंही साचलं नाही. गवंडी शिडीने वर आला, टॉवेलने मान पुसली आणि खुशीत म्हणाला, “ताईनू, नशीब काढलास! तुमची टाकी जल्मात भरूची नाय.” वयनीने लगेच सगळ्यांना चहा टाकला. मी चुलतभावाला विचारलं, पाणी गेलं कुठे? तो म्हणाला, “जमिनीत.” घराच्या खालच्या अंगाला पोफळी आहेत, पोफळींच्या पलीकडे काकांची विहीर, तिच्याखाली शेजाऱ्यांची, आणि अगदी उताराला वाडीची.

जमिनीत म्हणजे नेमकं कुठे, हे त्या दिवशी आणखी ताणून विचारायला नको वाटलं.

पण डोक्यातून ते भोक जाईना. कोकणात नवीन घर बघायला गेलं की यजमान आधी देवघर दाखवतात, मग स्वयंपाकघराचा ओटा, आणि परसात आलं की हटकून टाकीची गोष्ट निघते. “आमची बांधून पंचवीस वर्षां झाली, एकदाय उपसूक नाय.” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, आणि दर वेळी ते कौतुकाने सांगितलं जातं आणि कौतुकानेच ऐकलं जातं. टाकी भरणं म्हणजे कटकट. मैला उपसणारी गाडी तालुक्याहून मागवायची, ती पाणंदीतून आत येणार नाही, मग पाइप जोडत बसायचं, वास सगळ्या वाडीला. त्यापेक्षा जी भरतच नाही ती चांगली. आता साधा हिशेब केला तर घरातली पाच-सहा माणसं पंचवीस वर्षं जे काही त्यात सोडतात, त्यातलं कुजून-आटून बरंच कमी होतं हे खरं. पण गाळ म्हणून काही ना काही खाली बसलाच पाहिजे. नीट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. जी कधीच भरत नाही तिला तळ नसतो. आमच्याकडे ज्याला टाकी म्हणतात, ती बहुतेक ठिकाणी चिऱ्याच्या चार भिंती आणि वर स्लॅब एवढीच असते. खाली गिलावा केलेला नसतो. मुद्दामच करत नाहीत.

सेप्टिक टँकचं खरं काम फार थोडं आहे, आणि ते कळल्यावर मला जरा धक्काच बसला होता. जड ते खाली बसतं, हलकं ते साय धरून वर तरंगतं, मधलं गढूळ पाणी पुढच्या कप्प्यातून बाहेर पडतं. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू जवळजवळ तसेच असतात. टाकी मैला अडवते. पाणी शुद्ध करते ती पुढची माती. ओली नव्हे, हवा खेळती असलेली, कणाकणांत पोकळी असलेली माती. तिच्यातून पाणी हळूहळू झिरपलं की जंतू कणांना चिकटतात, तिथले मातीतलेच जीव त्यांना खाऊन टाकतात, आणि दोनेक मीटर असा कोरडा प्रवास झाला तर खाली पोचणारं पाणी जंतूंपुरतं तरी बऱ्यापैकी निवळलेलं असतं. नायट्रेट मात्र माती फारसं अडवत नाही, ते विरघळून सरळ खाली जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची आपल्याकडची मर्यादा आहे. म्हणजे संडास बांधताना चिरा कुठल्या खाणीचा, टाइल्स कुठल्या कंपनीच्या, यापेक्षा आधी बघायची ती माती. आणि तीच कुणी बघत नाही.

बघायची रीत काही अवघड नाही. न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात ती बसवली, आणि आपल्या आय.एस. २४७० या मानकातही थोड्याफार फरकाने तीच आहे. जिथे पाणी सोडायचं तिथे, तितक्याच खोलीवर, वीतभर रुंदीचा खड्डा घ्यायचा. पहारीने चोपून गुळगुळीत झालेल्या बाजू कोयत्याच्या टोकाने खरवडायच्या, तळाला दोन बोटं जाड वाळू टाकायची, आणि फूटभर पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं. मोजायचं दुसऱ्या दिवशी. वाळूवर १५० मिलिमीटर पाणी ठेवायचं आणि ते २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो, तीस ते साठ लागली तर उथळ लांब चर काढून पाणी पसरावं लागतं, साठच्या वर गेलं तर जमिनीच्या भरवशावर राहायचं नाही, वेगळी गाळण करायची. पहारीने खड्डा घेणं, फूटपट्टी आणि मोबाइलचं घड्याळ, एवढ्यावर होणारं काम आहे.

यातली रात्रभर भिजवण्याची अट मला आधी उगीचची वाटली होती. तिचं मर्म कळलं ते बहिणीच्या सासरी, लातूरकडे. तिथली काळी रानं एप्रिलमध्ये भेगाळतात, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. त्या दिवसांत खड्डा घेऊन पाणी ओता, गटागटा पिऊन टाकतं रान. बहिणीचे दीर म्हणाले होते, “ह्या पाण्यावर जाऊ नका, भुईला आधी फुगू द्या.” दुसऱ्या सकाळी भेगा मिटलेल्या होत्या, खड्ड्याच्या बाजू लोण्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि आदल्या संध्याकाळी ओतलेलं पाणी तिथेच उभं होतं, वर एक मेलेला भुंगा. तीच जमीन, एका रात्रीत उलट उत्तर. तिथे घरोघरचे शोषखड्डे श्रावणात तुंबून अंगणात का येतात, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. खाली मुरूम लागला तर नशीब. नाहीतर काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे नुसताच खड्डा.

आमच्याकडचं दुखणं याच्या उलट. आमच्याकडे पाणी उभंच राहत नाही, आणि लोकांना वाटतं की लवकर मुरलं म्हणजे चांगलं मुरलं. तपासणीचे आकडे वाचणाऱ्या इंजिनिअरांनाही पुष्कळदा तसंच वाटतं, कारण नापास करायची रेघ आपल्या डोक्यात फक्त सावकाशीच्या बाजूला असते. अमेरिकेत कित्येक ठिकाणी फार लवकर उतरणारी जमीनही नापास होते. जिथून पाणी धावत जातं तिथे गाळलं काहीच जात नाही.

आणि आमची मुख्य अडचण त्याहून आधीची आहे.

माती तपासायची, तर आधी माती हवी. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, कातळ उघडाच असतो, घरांच्या आसपास वीतभर-हातभर माती, ती सुद्धा अर्धी बाहेरून आणून टाकलेली. खाली जांभा, भोकाभोकांचा, आत कुठे बोटाएवढ्या तर कुठे हात जाईल एवढ्या वाटा. जांभ्याच्या खाली पांढरट-पिवळसर चिकट थर असतो, तो पाणी सोडत नाही, म्हणून सगळं पाणी त्या थरावरून आडवं वाहत सड्याच्या पायथ्याला झऱ्यांनी बाहेर पडतं. आमच्या विहिरी त्याच पाण्यावर. त्यामुळेच त्या गोड आणि गार, आणि त्यामुळेच वर सोडलेलं काहीही त्यांच्यात यायला आडकाठी नाही. खड्डा खोल मारला की वरची ती हातभर माती, जी थोडंफार गाळू शकली असती, तीही आपण ओलांडून जातो आणि मैला नेमका त्या वाटांच्या तोंडाशी नेऊन सोडतो. गवंडी ज्याला नशीब म्हणत होता ते हे.

मग ऋतू. आमच्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात काकांच्या विहिरीचा तळ दिसतो, खडपाच्या खबदाडीत कासव बसलेलं असतं, कळशी टेकवून-टेकवून भरावी लागते. त्याच विहिरीत भाद्रपदात दोर लागत नाही, काठावर ओणवं होऊन हाताने कळशी बुडवता येते. जेसीबी आत आणता येतो तो मेमध्ये, बांधकामं होतात ती मेमध्ये, जमीन कशी आहे हे ठरतं तेही मेमध्ये. आठ फुटांचा खड्डा तेव्हा ठणठणीत कोरडा. श्रावण-भाद्रपदात तोच खड्डा भूजलात बसलेला असतो. मधला कोरडा प्रवास वगैरे काही उरलेलंच नसतं. आणि नेमके त्याच पंधरवड्यात आम्ही येतो. वर्षभर काका-काकू दोघंच असलेल्या घरात गणपतीला मुंबई-पुण्याहून पंचवीस माणसं उतरतात. सकाळी न्हाणीघरासमोर आणि संडासासमोर रांग, आत कोण आहे म्हणून दार वाजवणं, पोरांची रडारड. वाडीतल्या प्रत्येक घरात हेच. वर्षातला सगळ्यात जास्त भार आणि सगळ्यात वर आलेलं पाणी, दोन्ही एकाच आठवड्यात. गणपती आटोपून परत गेल्यावर पोरांची पोटं बिघडतात, आणि आपण म्हणतो मोदक बाधले, नाहीतर हवापालट.

नियम म्हणून पाहिलं तर शोषखड्डा आणि विहीर यांच्यात साधारण १५ मीटर अंतर ठेवा असं सांगतात. ग्रामपंचायतीत विचारलं तर हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण अंतर मोजलं जातं ते आपल्या विहिरीपासून. एका घराची चार घरं झाली, परसाच्या वाटण्या झाल्या, गडगे घातले गेले, आता प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यात संडास ढकलता येतो तो हद्दीच्या कोपऱ्यात. म्हणजे माझ्या विहिरीपासून लांब आणि गडग्यापलीकडच्या भावकीच्या विहिरीला खेटून. यावरून भांडणं होत नाहीत, हे विशेष. फणसाची फांदी पलीकडे गेली तर कोर्टात जाणारी माणसं आम्ही, पण खालून काय जातंय ते दिसत नसल्यामुळे त्यावर कुणी तक्रार करत नाही. शिवाय जांभ्यात १५ मीटरचा अर्थ काय? मातीत पाणी पावलापावलाने जातं, म्हणून तिथे मीटर मोजायचे. जिथे वाट मोकळी आहे तिथे १५ काय आणि ५० काय.

माझी आजी विहिरीबाबत फार कडक होती. सोवळ्यात असताना ती स्वतः पाणी काढायची, तिच्या कळशीला आमचा हात लागलेला चालायचा नाही, आणि वाडीच्या खालच्या अंगाची माणसं आली तर त्यांना वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं. मी लहान होते, मला ते दिसायचं आणि त्यात काही वावगं आहे असं घरात कुणी सांगितलं नाही. याच कोकणात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, तेव्हा तळं बाटलं म्हणून ते शुद्ध करायला लोकांनी १०८ घागरी पंचगव्य मंत्र म्हणत त्यात ओतलं. शेणगोमूत्र घालून पाणी शुद्ध केलं. आजीचा आठवणीतला चेहरा प्रेमळच आहे, पण तिच्या विहिरीकडे आता बघताना माझ्या मनात काहीतरी तुटतं. हात कुणाचा लागतो यावर एवढा पहारा, आणि उतारावरच्या आपल्याच टाकीतून काय येतंय याची दखलही नाही. वरची वाडी, खालची वाडी हा शब्दशः उतार आहे. वरच्यांची घाण खालच्यांच्या पाण्यात जाते, उलट कधी जात नाही.

कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी हे फार आधी धरलं होतं. स्वतः भंगीकाम केलं, आणि मैल्याचं पाण्यात विसर्जन करण्यापेक्षा मातीत सोनखत करायचं, यावर आयुष्यभर खटपट केली. आमच्या जिल्ह्यात त्यांना कोकणचे गांधी म्हणतात. म्हणतात आणि टाकी कातळात खोल मारतात. देहूच्या डॉ. मापुसकरांचंही तसंच, गावातल्या संडासांना बायोगॅस जोडून दाखवण्यात त्या माणसाने हयात घालवली, आणि पद्मश्री मिळाली ती गेल्यानंतर, २०१७ साली. संडास हा आपल्याकडे बांधेपर्यंतच विषय असतो. २०१४ नंतर गावोगाव इतके बांधले गेले, दारांवर नावं रंगवली गेली, हागणदारीमुक्तीचे फलक लागले, आणि ते सगळं आवश्यकच होतं. बायकांना अंधाराची वाट बघावी लागायची ते दिवस मी पाहिलेत, त्यामुळे त्या मोहिमेवर नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. पण भांड्याच्या खाली काय, हा प्रश्न फलकावर मावत नाही. सरकारी नमुन्यात दोन उथळ खड्ड्यांचा संडास आहे, एक भरला की दुसरा सुरू, पहिल्यातलं वर्ष-दीड वर्षात खत. चांगली रचना आहे. आमच्याकडे लोकांनी दोनाचा एक केला आणि तो दुप्पट खोल नेला.

आम्ही शेवटी ते भोक बुजवलं. चिऱ्याचे तुकडे, वर काँक्रीट. गवंडी इतका नाराज झाला की त्या दिवशी जेवायलाही थांबला नाही. “देवान दिलेला बीळ बुजवतलास?” दोन कप्प्यांची टाकी केली, तळासकट आतून गिलावा, आणि बाहेर पडणारं पाणी विहिरींच्या बाजूला न नेता घराच्या दुसऱ्या अंगाला, कलमांकडे वळवलं. तिथे कातळावर चिऱ्याचा बुटका गडगा घालून कंबरभर माती भरली. मातीत थोडी वाळू, मधोमध खडी आणि भोकं पाडलेला पाइप, वरून कर्दळ आणि केळी. टाकीचं पाणी सोडण्याआधी त्या मातीत खड्डा घेऊन रात्रभर भिजवला. सकाळी चुलतभाऊ फूटपट्टी धरून उकिडवा बसला आणि मी मोबाइलकडे बघत मिनिटं मोजत होते. २५ मिलिमीटरला १४ मिनिटं. वयनी कठड्यावरून म्हणाली, “ह्यापेक्षा दूध उतू जायपर्यंत बरा बघुक गावता.” पावसाचं पाणी वर साचू नये म्हणून वाफ्याला मधे उंचवटा दिला, वरच्या अंगाने चर काढला. तरी श्रावणात सलग आठवडाभर लागून राहिला तर तो वाफाही भिजून गच्च होणारच. याहून चांगलं आमच्या कातळावर, आमच्या पैशात, मला सुचलं नाही.

मग गणपतीत मी विहिरींचं पाणी बघायचं ठरवलं. सरकारी रिवाजानुसार जंतूंसाठी पाणी वर्षातून दोनदा तपासतात, पावसाआधी आणि पावसानंतर. म्हणजे नेमका मधला काळ सुटतो. वाडीच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते, पंचायतीचा माणूस पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ओटी टेस्ट करतो आणि पिवळा रंग आला की वहीत टिक मारतो. घरोघरच्या विहिरींत कोण टाकणार? तालुक्याच्या ठिकाणी नमुना द्यावा तर तो बर्फात ठेवून काही तासांत पोचवावा लागतो, आणि त्या आठवड्यात तिथे सुट्टी. म्हणून मी काळ्या पडणाऱ्या बाटल्या आणल्या होत्या. ही चाचणी भारतातलीच, १९८२ साली मांजा आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. छोट्या बाटलीत औषध लावलेला कागद, त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून घरातल्या उबेला ठेवायची. मैल्यातल्या जंतूंसोबत जे गंधकवायू सोडणारे जंतू सापडतात ते असले तर एक-दोन दिवसांत आतलं पाणी शाई ओतल्यागत काळं होतं. काळं झालं म्हणजे खटला सिद्ध झाला असं नव्हे, पण ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये एवढं नक्की. स्वयंपाकघराच्या फळीवर, मोदकाच्या पिठीच्या डब्यामागे, चिठ्ठ्या लावून बाटल्या ओळीने ठेवल्या. काकूला वाटलं पोरांचं औषध आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या आधी बघितलं. मला वाटलं होतं आमच्या जुन्या टाकीला सगळ्यात जवळची म्हणून काकांची विहीर काळी येईल. ती तशीच, फिकट तपकिरी. वाडीची, टीसीएलवाली, तीही ठीक. काळी ठिक्कर पडली ती मधली, शेजाऱ्यांची, जिच्या ५० पावलांत एकही संडास नाही आणि जिचं पाणी गोडं म्हणून वरण शिजवायला सगळी वाडी नेते. बाटली हातोहात फिरली. शेजारचे आबा आधी चिडले, “इतकी वर्षां ह्याच पाणी पितंव, काय झाला आमका?” मग गप्प झाले, मग त्यांच्या सुनेने विचारलं, पण हे आलं कुणाकडून? वरच्या अंगाला नऊ घरं, नऊ टाक्या, त्यातली एकही कधी भरलेली नाही. चुलतभाऊ म्हणाला, शोधायचं तर सोपं आहे, भूजलवाले वापरतात तो हिरवा रंग आणायचा, एकेका संडासात ओतायचा आणि विहिरीवर नजर ठेवायची. कल्पना सगळ्यांना पटली. आबांनी तर तारीखही धरली, पंचमीच्या गर्दीनंतर, गौरी गेल्या की. अडलं ते एकाच गोष्टीवर, पहिला रंग कुणाच्या संडासात टाकायचा. त्यावर विसर्जनाच्या आदल्या रात्रीपर्यंत भजनाच्या मधल्या चहाला चर्चा चालू होती, आणि दिवाळीला फोन केला तेव्हाही वयनी म्हणाली की अजून ठरायचंय. तूर्तास आबांकडे पाणी उकळून घेतात आणि वरणाला वाडीच्या विहिरीवर जातात.